दोन सामन्यांमधले मोकळे दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2028 सालचा पुरुषांचा टी-20 विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये होणार असून, तेव्हा वडोदऱ्याहून तिकडे जाणाऱ्या क्रिकेटप्रेमींनी दोन सामन्यांमधले मोकळे दिवस केवळ खरेदीत घालवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ॲडलेडचे ओव्हल मैदान तर आपण बडोदेकरांनी पाहायलाच हवे. कारण बडोद्याच्या संघाचा आधारस्तंभ असलेल्या विजय हजारे यांनी जानेवारी 1948 मध्ये, ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध, एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत 116 आणि 145 धावा काढल्या त्या याच मैदानावर, आणि असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय ठरले. (तो सामना आपण डावाने हरलो, पण त्यामुळे त्या शतकांचे मोल तसूभरही कमी होत नाही.) तेथील 1911 सालचा धावफलक आजही हातानेच चालवला जातो. मैदानालगतचा टॉरेन्स नदीवरील पादचारी पूल ओलांडून थोडे चालले की साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियम लागते, जे तेथील आदिवासींच्या वस्तुसंग्रहासाठी नावाजलेले आहे. आपल्या शहरातील सहल आयोजकांनी ॲडलेडसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि हजारे यांच्या त्या खेळींची माहिती प्रवाशांना आधीच द्यावी.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, वडोदरा