पैसे आहेत, हे दाखवताही आलं पाहिजे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "आई, व्हिसा देतानाच बँकेचे सगळे कागद बघितलेत, आता परत कोण विचारतंय?" ते माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. विचारतात, बाळा. पॅरिसच्या विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी विचारू शकतो, आणि त्याआधी इथल्या चेक-इन काउंटरवरही विचारू शकतात. कुणाला प्रवेश नाकारला, तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, म्हणून तेही चौकशी करतात.

व्हिसा तुला दारापर्यंत नेतो. आत घ्यायचं की नाही, ते दारावरचा माणूस ठरवतो. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या फ्रान्ससकट युरोपातल्या देशांच्या, कायद्यात हे स्पष्टच आहे की नुसता व्हिसा हातात असल्यानं प्रवेशाचा हक्क मिळत नाही. कशासाठी आलीस ते सांगता आलं पाहिजे आणि तिथं राहण्याचा, परत येण्याचा खर्च भागेल एवढे पैसे असले पाहिजेत.

एवढे म्हणजे किती, याचं उत्तर प्रत्येक देशाचं वेगळं. ब्रिटन पर्यटकासाठी आकडा सांगतच नाही. तिथं काम न करता, सरकारी मदत न घेता तुझा खर्च निघतो का, एवढं बघतात. न्यूझीलंड महिन्याला तिथले १,००० डॉलर धरतं, राहण्याचे पैसे आधीच भरलेले असले तर ४००. थायलंडचा नियम माणशी २०,००० बाटचा. फ्रान्सचं मात्र तू नीट समजून घे, कारण तुला तिथंच उतरायचंय. हॉटेलचं बुकिंग असेल त्या दिवसांना रोजचे ६५ युरो, बुकिंग नसेल त्या दिवसांना १२०. कुणाच्या घरी उतरणार असशील आणि त्यांनी तिथल्या नगरपालिकेकडून रीतसर पत्र घेतलं असेल, तर ३२.५०. तुझ्या १२ दिवसांपैकी ८ दिवसांचंच बुकिंग झालंय. त्याचे ५२० आणि उरलेल्या ४ दिवसांचे ४८०, म्हणजे १,००० युरो झाले. तेच सगळ्या दिवसांचं बुकिंग केलंस तर ७८० वर येतं. "शेवटचे चार दिवस बघू कुठं जायचं ते" हा तुझा बेत मला आवडला होता, पण त्या चार दिवसांचंही बुकिंग करूनच नीघ. निघायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर आकडे पुन्हा बघ, ते बदलतात.

आता बँक स्टेटमेंट. मोबाइलवर अ‍ॅप उघडून दाखवीन, असं तुझ्या मनात असणार. त्यावर विसंबू नकोस. परक्या देशात उतरल्या उतरल्या रोमिंग लागत नाही, ओटीपी येत नाही, आणि मागं रांग खोळंबलेली असते. गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट बँकेकडून शिक्का मारून इंग्रजीत घे. त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते बघ. तुझ्या खात्यावर आडनाव आधी छापलंय, ते निघायच्या आधी बदलून घे.

खात्यात दर महिन्याला पगार येतो, भाडं जातं, थोडे थोडे उरतात, हे दिसणं चांगलं. तुझी मैत्रीण म्हणाली तसं आठवडाभरासाठी कुणाकडून मोठी रक्कम आणून खात्यात टाकायचं मात्र मनातही आणू नकोस. रोजच्या बारीक नोंदींमध्ये तो एक भला मोठा आकडा स्टेटमेंटवर लगेच डोळ्यात भरतो. अधिकारी त्या ओळीवर बोट ठेवून विचारेल, हे कुठून आले? मग तू काय सांगणार? खोटं बोलताना पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जाला ते चिकटतं. कमी पैशांत कमी दिवसांची सहल कर, पण दाखवशील ते तुझं असू दे. बाबा थोडे पैसे देणार आहेत, ते उघड सांगायला काहीच हरकत नाही. त्यांचं सहीचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा एखादा कागद जवळ ठेव.

थोडे युरो रोख ने. कार्ड तुझ्याच नावाचं हवं, आणि त्याची मर्यादा दिसेल असं ताजं बिलही छापून घे. ही फाइल, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि ३०,००० युरोंच्या विम्याचा कागद, सगळं हातातल्या पिशवीत ठेव. मोठ्या बॅगेत टाकलंस तर उपयोग नाही, कारण बॅग मिळते ती इमिग्रेशन पार केल्यावर. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख नेली तर कस्टम्सला लेखी कळवावं लागतं. तो प्रश्न तुझा नाही, पण कुणी "माझं पाकीट जरा तुझ्याकडे ठेव" म्हणालं तर सरळ नाही म्हण.

एकट्या तरुण मुलीला जरा जास्तच विचारतात, असं मला वाटतं. मला ते आवडत नाही. तरी तिथं चिडू नकोस. विचारलं तेवढंच सांग: किती दिवस, कुठं राहणार, खर्च कोण करणार, परत कधी. "काही काम मिळालं तर बघू" असलं गमतीतही बोलू नकोस.

समजा नाहीच म्हणाले, तर रडू नकोस, भांडू नकोस. कारण लेखी देतात. त्या छापील फॉर्मवर पुरेसे पैसे नसल्याचं वेगळं कलम असतं, 'जी' अक्षराचं. कोणत्या कलमावर खूण केलीय ते बघ, समजत नसेल तर दुभाषा माग, आणि आपली प्रत घेतल्याशिवाय हलू नकोस. त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. मग मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

रविवारपर्यंत स्टेटमेंट आणि उरलेल्या चार दिवसांचं बुकिंग मला पाठव. नाव आणि तारखा मी एकदा ताडून बघते.

तुझी,
आई