पापाच्या सत्तेतून मोकळे जगणे शिकवणाऱ्या आमच्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभू येशू ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

उपवासकाळात आपण आमच्या मंडळीत बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या अध्यायांचा जो अभ्यास घेतलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाणीवपूर्वक खुले ठेवले आहे, कारण या शिक्षणाची गरज माझ्या एकट्याची नव्हती. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या, बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्या, नेमाने प्रभुभोजन घेणाऱ्या आमच्यासारख्या कितीतरी जणांना पापांची क्षमा तोंडपाठ असते; परंतु पापाच्या सत्तेतून सुटका हाही त्याच तारणाचा भाग आहे, आणि तो मेल्यानंतर नव्हे तर आज जगायचा आहे, हे कोणी शेजारी बसून उलगडून सांगितलेले नसते. आपण ते सांगितलेत.

आपण सुरुवात केलीत ती हे पत्र ज्यांना पहिल्यांदा वाचून दाखवले गेले त्या माणसांपासून. इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथमध्ये प्रेषित पौल सांगत गेला, त्याचा लेखनिक तेर्तिया याने ते लिहून घेतले, आणि जिथे दासांच्या श्रमावर अवघे शहर चालत होते त्या रोममध्ये ते पोहोचले. शेवटच्या अध्यायात अरिस्तबूलाच्या आणि नार्किसाच्या घरातील ज्या विश्वासणाऱ्यांना सलाम सांगितला आहे, त्यांत दास असावेत असे अभ्यासक मानतात. धनी म्हणजे काय, त्याची हाक आली की उठावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. अशा लोकांना पौल सांगतो की पाप हा एक धनी आहे, तो वेतन म्हणून मरण देतो, आणि मेलेल्या दासावर मात्र त्याचा कोणताही हक्क उरत नाही. ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर आपला जुना मनुष्य, म्हणजे पापाच्या ताब्यातले आपले पूर्वीचे जीवन, मेला, बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो, आणि त्याच्या पुनरुत्थानामुळे नव्या जीवनात चालू लागलो. येथे आपण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीत. पाप मेले असे पौल या अध्यायात म्हणत नाही. आपण पापाला मेलो असे तो म्हणतो. धनी अजून जिवंत आहे, अजून हाक मारतो, फक्त त्या हाकेला ओ देण्याचे बंधन आपल्यावर राहिलेले नाही.

हे ऐकेपर्यंत मी उलट्या क्रमाने जगत होतो. वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत संकल्प करायचा, तो मोडला की खजील व्हायचे, आणि पुढच्या संकल्पापर्यंत देवासमोर तोंड चुकवत राहायचे, असा तो क्रम होता. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या दहा वचनांत आपल्याला एकही आज्ञा दिलेली नाही, ख्रिस्ताने काय केले एवढेच त्यांत आहे, आणि स्वतःला पापाला मेलेले व देवासाठी जिवंत असे माना ही आज्ञा अकराव्या वचनात येते, हे आपण बोट ठेवून दाखवलेत. मुक्ती ही आपल्या निर्धाराची कमाई नसून ख्रिस्ताच्या पूर्ण झालेल्या कार्याची देणगी आहे, आणि आज्ञापालन त्या देणगीतून निघते, हा क्रम मनात बसल्यावर प्रार्थनेचा सूरच बदलतो, याची साक्ष मी देतो.

माझ्या बाबतीत प्रश्न रागाचा होता. भावकीतल्या जमिनीच्या एका वादावरून चुलत भावाविषयी मनात वर्षानुवर्षे अढी साचली होती, आणि ती माझ्या झोपेवर, बोलण्यावर, एवढेच काय पण प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या ओळीवरही राज्य करीत होती. आपण मला राग सोडून देण्याची शपथ घ्यायला लावली नाही. आपण तेरावे वचन काढलेत, जेथे पौल आपले अवयव अनीतीची साधने म्हणून पापाला न देता नीतिमत्त्वाची साधने म्हणून देवाला समर्पण करायला सांगतो, आणि मला विचारलेत की या वादात तुमची जीभ, तुमचे पाय आणि तुमचे डोळे आजवर कोणाच्या सेवेत होते. जी जीभ चार माणसांत त्याचा उल्लेख टोचून करते, तिने रोज त्याचे नाव घेऊन आशीर्वाद मागायचा. जे पाय तो दिसला की वाट बदलतात, त्यांनी त्याच्या दारापर्यंत जायचे. मनाला मागाहून यायचे तेव्हा येऊ द्यायचे. जमिनीचा प्रश्न न्यायाने सुटावा यासाठी प्रयत्न करण्यास आपली हरकत नव्हती, आणि हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण क्षमा करणे म्हणजे हक्क सोडणे असा गैरसमज आपल्याकडे फार आहे. वाद अजून मिटलेला नाही. परंतु आमचे बोलणे सुरू झाले आहे, आणि तो जुना राग उसळून आला तरी त्याच्यापुढे मान तुकवलीच पाहिजे असे आता वाटत नाही.

सातव्या अध्यायाची तर मला भीतीच वाटत असे. जे चांगले करावेसे वाटते ते मी करीत नाही आणि जे वाईट नकोसे वाटते ते करतो, ही पौलाची तक्रार अनेक जण स्वतःच्या पराभवाचे प्रशस्तिपत्रक म्हणून वापरतात. आपण प्रामाणिकपणे सांगितलेत की या उताऱ्यावर मोठ्या माणसांचेही एकमत नाही. प्राचीन मंडळीचा धर्मगुरू ऑगस्टीन याने आधी त्यात नियमशास्त्राखालचा, म्हणजे अजून कृपेखाली न आलेला, माणूस पाहिला आणि पुढे मत बदलून तो विश्वासणाऱ्याचाच झगडा मानला. धर्मसुधारक ल्यूथर त्याच्या या दुसऱ्या मताबरोबर राहिला, तर मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लीला पहिलेच मत पटले. आपण आम्हांला कोणत्याही एका बाजूला ओढले नाही, फक्त एवढे दाखवलेत की त्या अध्यायाच्या उत्तरार्धात 'मी' भरून राहिला आहे आणि पवित्र आत्म्याचे नाव कोठेही नाही, उलट आठव्या अध्यायात आत्म्याचा उल्लेख वारंवार येतो. मला कोण सोडवील या प्रश्नाला तेथेच उत्तर मिळते, आणि ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही या वाक्याने पुढचा अध्याय उघडतो. देहाची कर्मे ठार मारायची आहेत हे खरे, पण ती आत्म्याच्या योगे, हे आठव्या अध्यायाचे तेरावे वचन आपण आमच्याकडून पाठ करून घेतलेत.

आपण पंडिता रमाबाईंविषयी जे बोललात ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने आपल्या साक्षीत लिहून ठेवले की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त भेटायला पुढे आणखी काही वर्षे जावी लागली. केडगावला त्यांनी दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणल्या, आणि त्या जागेला मुक्तीचे नाव दिले. त्या मुलींपैकी अनेकींवर इतरांनी अत्याचार केले होते. यावरून आपण जो भेद स्पष्ट केलात तो आमच्या व्यासपीठावरून मी कधी ऐकला नव्हता: माणूस जे पाप करतो त्यातून त्याला मुक्ती हवी असते, आणि त्याच्यावर जे पाप केले जाते त्यातूनही मुक्ती हवी असते, पण या दोहोंचे उपचार एक नाहीत. मार खाणाऱ्या बाईला तिच्या रागाबद्दल पश्चात्ताप करायला सांगण्याआधी तिला सुरक्षित जागा द्यावी लागते. पापाच्या सत्तेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हे शिक्षण दुर्बळांच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवले तर ते सुवार्ता राहत नाही.

आता आपण पापरहित झालो असे कोणी समजू नये म्हणून आपण योहानाचे पहिले पत्र उघडलेत, जेथे आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो असे लिहिले आहे. आणि कृपा आहे म्हणून सारे चालते असेही कोणी समजू नये म्हणून लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट घेतलीत. जुन्या करारातील लेवीयाच्या पुस्तकानुसार अन्यायाने घेतलेले परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा द्यायचा असे. जक्कय चौपट द्यायला निघाला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. येशू आधी त्याच्या घरी उतरला आणि त्यानंतर त्याचा हिशेब बदलला, हा क्रमही आपण आमच्या नजरेस आणून दिलात.

आपण गावी गेल्यानंतर मंडळीच्या वडिलांशी माझे बोलणे झाले असून तरुण संघासाठी हेच तीन अध्याय पुन्हा घेण्याचे ठरले आहे. आपल्या टिपणांची वही त्यासाठी वापरण्याची परवानगी द्यावी, आणि प्रकृती साथ देत असेल तर निदान आठव्या अध्यायासाठी तरी आपण स्वतः यावे, अशी विनंती आहे. आपल्या जाण्यायेण्याची आणि राहण्याची व्यवस्था आमच्या घरून होईल.

आपला ख्रिस्तातील बंधू,
मंडळीचा एक सभासद