मनगटावरचा आकडा कोणत्या व्यायामातला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य पुरवणीत व्यायामाच्या घड्याळांविषयी जी माहिती अधूनमधून छापून येते, तिच्यात 'हृदयगती अमुक टक्के अचूक दाखवते' असे एक वाक्य हमखास असते. ही टक्केवारी कोणत्या व्यायामात आणि कशाशी ताडून काढली, याचा मात्र उल्लेख नसतो. तो नसेल, तर त्या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही, एवढेच मला मांडायचे आहे. व्यायाम प्रशिक्षक या नात्याने माझी या आकड्यांशी रोजची गाठ असते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

घड्याळाच्या तळाशी असलेले हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्तातले हिमोग्लोबिन हा हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत लाट आली की परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि ही घटवाढ टिपून घड्याळ मिनिटाला किती ठोके पडत असावेत याचा हिशेब मांडते. रुग्णालयात बोटाला लावतात तो पल्स ऑक्सिमीटरही प्रकाशाच्या याच गुणावर चालतो; फक्त तिथे रुग्ण पडून असतो. छातीला बांधायच्या पट्ट्याची रीत वेगळी आहे. तो ईसीजीप्रमाणे हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो, आणि घामाने त्वचा ओलसर झाली की त्याचे काम उलट सोपे होते.

मनगटावर मिळणारा संकेत मुळात अतिशय क्षीण असतो. हात हलला की त्वचा सरकते, खालच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) जागा बदलतात, रक्त इकडेतिकडे ढकलले जाते, घड्याळ क्षणभर उचलले जाऊन बाहेरचा उजेडही आत शिरतो; या सगळ्या गोंधळातून नाडीची लाट वेगळी काढावी लागते. त्यासाठी घड्याळ हालचाल मोजणाऱ्या दुसऱ्या सेन्सरची मदत घेते आणि हालचालीचा भाग वजा करते. अडचण येते ती हालचालच नाडीसारखी तालबद्ध असते तेव्हा. मिनिटाला 170 पावले टाकत सावकाश धावणाऱ्या माणसाचे ठोके प्रत्यक्षात 135 असले, तरी घड्याळ पावलांचा ताल धरून बसते आणि 170च्या आसपासचा आकडा दाखवू लागते. हा आकडा स्थिर असतो, धावपटूला संभवनीय वाटतो, त्यामुळे त्याला शंकाही येत नाही. चूक असून चूक न दिसणारा आकडा माझ्या मते सर्वांत घातक असतो.

वजने उचलताना गोष्ट वेगळ्याच कारणाने बिघडते. डंबेल मुठीत घट्ट धरून मनगट वळवले की पट्ट्याखालचे स्नायू आणि कंडरा ताठ होतात, त्या जागेतला रक्तप्रवाह बदलतो आणि घड्याळाचा त्वचेशी असलेला संपर्कही ढळतो. ठोके वेगाने चढत असताना पडद्यावरचा आकडा मागेच रेंगाळतो. वजन खाली ठेवून माणूस दम घेऊ लागला की मग तो वर जातो. अर्धा मिनिट जोर आणि अर्धा मिनिट विसावा अशा इंटरव्हल प्रकारातही हेच होते, कारण घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा देते आणि तोवर जोराचा टप्पा संपलेला असतो.

या सगळ्याला अभ्यासांचा आधार आहे. क्लीव्हलँड क्लिनिकमधील संशोधकांनी 50 निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून आणि धावायला लावून चार मनगटी उपकरणांची तुलना ईसीजीशी केली. निष्कर्ष 2016मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण जुळणी म्हणजे 1 असे धरल्यास छातीच्या पट्ट्याची ईसीजीशी जुळणी 0.99 होती, तर मनगटी उपकरणांची 0.83 ते 0.91. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 2017च्या अभ्यासात 60 जणांवर सात उपकरणे तपासली गेली. त्यांपैकी सहांची हृदयगतीतली चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. हे वाक्य जाहिरातीत छान शोभते. पण त्याच अभ्यासात चूक सर्वांत कमी निघाली ती जागच्या सायकलवर, आणि सर्वांत जास्त चालताना. ज्या व्यायामात कोणी घड्याळावर संशय घेणार नाही, तोच! कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: जागच्या सायकलवर हात दांड्यावर स्थिर असतात, चालताना ते झुलत असतात. खडबडीत रस्त्यावर सायकल चालवताना दांड्याचे हादरे मनगटात उतरू लागले की जागच्या सायकलवरची ही खात्री तिथे चालत नाही.

त्वचेच्या रंगाचा मुद्दा वारंवार निघतो. गडद त्वचा हिरवा प्रकाश अधिक शोषते हे खरे, पण ड्यूक विद्यापीठाच्या 2020च्या अभ्यासात निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्तींमध्ये अचूकतेचा लक्षणीय फरक आढळला नाही. विश्रांतीच्या तुलनेत हालचाल करताना मात्र चूक सरासरी 30 टक्क्यांनी अधिक होती. मनगटावरचा दाट टॅटू, थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि सैल पट्टा यांनीही आकडा बिघडतो. त्यांपैकी पट्ट्याचा उपाय आपल्या हातात आहे: व्यायामापुरते घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवावे आणि ते सरकणार नाही इतपत आवळावे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. बहुतेक घड्याळे ठोक्यांवरून व्यायामाचे 'झोन', म्हणजे हलक्यापासून जोरापर्यंतचे टप्पे, ठरवतात, आणि तुम्ही स्वतः वेगळी नोंद केली नसेल तर त्या झोनचा पाया बहुधा 220 उणे वय हे सूत्र असते. पन्नाशीच्या माणसाची कमाल गती त्यानुसार 170 येते. पण प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक ही सामान्य गोष्ट आहे, कधी तो याहूनही मोठा असतो. अंदाजी कमाल गतीवर अंदाजी चालू गती बसवली, की 'तुम्ही चरबी जाळण्याच्या झोनमध्ये आहात' या सूचनेत किती तथ्य उरते हे वाचकांनीच ठरवावे. कॅलरींबद्दल तर बोलायलाच नको: स्टॅनफर्डच्या त्याच चाचणीत सर्वांत चांगल्या उपकरणाचाही ऊर्जाखर्चाचा आकडा 27 टक्क्यांनी चुकला, आणि सर्वांत वाईट उपकरणाचा 93 टक्क्यांनी.

निरोगी माणसाच्या बाबतीत हा फार तर मनस्तापाचा विषय आहे. हृदयविकारानंतर डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा घालून दिलेल्या व्यक्तीची गोष्ट तशी नाही. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय अनियमित होणाऱ्या विकारात हृदयाचे काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही; अशा वेळी घड्याळाची गणती निर्दोष असली तरी हृदयाची खरी गती तिच्याहून जास्त असते. बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांचे ठोके मुळातच दबलेले असतात, त्यांना वयाच्या सूत्रावरचे झोन लागू पडत नाहीत. काही घड्याळांत बोट टेकवून ईसीजी काढण्याची सोय असते. ती स्थिर बसून वापरायची असते आणि तिने हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, हेही अशा लेखांत स्पष्ट छापले जावे. मर्यादा पाळणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असेल, तर कोणत्या उपकरणावर भिस्त ठेवायची हे डॉक्टरांनाच विचारावे. इतरांसाठी दोन साधने फुकटात उपलब्ध आहेत. पहिले म्हणजे थांबताक्षणी बोटांनी नाडी धरून 15 सेकंद मोजणे आणि चाराने गुणणे. यात उशीर नको, कारण थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, आणि एक ठोका चुकला तरी हिशेबात चार ठोक्यांचा फरक पडतो. दुसरे म्हणजे बोलून पाहणे: सलग वाक्ये बोलता येत असतील तर व्यायाम मध्यम, चार शब्दांत धाप लागत असेल तर जोराचा.

घड्याळे फेकून द्यावीत असे माझे म्हणणे नाही. झोपेतली किंवा सकाळी उठल्याबरोबरची गती ती चांगली दाखवतात, आणि महिनोन्महिन्यांचा कल पाहायला ती उपयोगीच आहेत. तक्रार उत्पादकांविषयी आहे. संकेत खराब आला हे उपकरणाला बरेचदा कळत असते, तरीही बहुतेक घड्याळे पडदा रिकामा ठेवण्याऐवजी अंदाजाचा आकडा दाखवत राहतात. खात्री नसेल तेव्हा आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवणारे घड्याळ मला अधिक विश्वासाचे वाटते, मग ग्राहकाला ते बिघडल्यासारखे का वाटेना.

आपल्याकडे मागणे एवढेच की घड्याळांची पुढची तुलना छापताना चालणे, धावणे, सायकल, वजने आणि इंटरव्हल यांचे निष्कर्ष स्वतंत्र रकान्यांत द्यावेत, तुलना छातीच्या पट्ट्याशी केली की ईसीजीशी ते लिहावे, आणि एखाद्या व्यायामात चाचणीच घेतली नसेल तर तो रकाना कोरा सोडावा.

आपला नियमित वाचक,
एक व्यायाम प्रशिक्षक