सगळे चांगले होते, फक्त एकमेकांशी बोलत नव्हते : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स.न.

माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा अटॅक आला होता, तेव्हाच्या तिसऱ्या दिवसाबद्दल लिहितेय. सकाळी स्पीच थेरपिस्ट आल्या, चमच्या-चमच्याने गिळायला लावून बाबांना तपासलं आणि बजावून सांगितलं की पातळ काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा घट्ट करूनच, नाहीतर श्वासनलिकेत जाईल आणि न्यूमोनिया होईल. फाईलमध्ये लिहिलंही त्यांनी. दुपारी ड्युटी बदलली, संध्याकाळच्या सिस्टर गोळी घेऊन आल्या आणि सोबत साधं पाणी. मी औषधं आणायला खाली गेले होते, वर येऊन बघते तर बाबा खोकून खोकून लालबुंद, आणि सिस्टर घाबरून त्यांची पाठ चोळतायत.

सिस्टरना मी दोष देणार नाही. अख्खा वॉर्ड सांभाळत होत्या, आणि ती नोंद थेरपीच्या वेगळ्या कागदावर, फाईलच्या पार मागे. थेरपिस्टनी त्यांचं काम नीट केलं, सिस्टरनी त्यांचं, डॉक्टरांनी त्यांचं. मधला निरोप पोचवायचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणजे ते माझं होतं, आणि मला ते माहीतच नव्हतं!

साहेब, ही मंडळी शिकतात वेगवेगळ्या कॉलेजात आणि एकमेकांना भेटतात ती थेट पेशंटच्या खाटेपाशी, तीही घाईत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच सांगितलंय की दोन किंवा जास्त शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांबद्दल शिकलं पाहिजे. ऑपरेशन थिएटरमध्ये तर हे करूनही झालंय. आरोग्य संघटनेच्याच सर्जरी चेकलिस्टमध्ये (ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या गोष्टींची यादी) चीर देण्याआधी सगळे थांबतात, प्रत्येकजण आपलं नाव आणि काम सांगतो. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलात ती वापरून बघितली, २००९ मध्ये निकाल आला, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. एका कागदाने आणि दोन मिनिटं बोलल्याने एवढा फरक पडत असेल तर वॉर्डात का नाही करायचं हे?

माझं मागणं मोठं नाही. दिवसातून एकदा डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, थेरपिस्ट सगळे मिळून खाटेपाशी उभे राहू देत, पेशंटला आणि नातेवाईकांना आधी विचारू देत की तुम्हाला काय वाटतंय, काय नको आहे. ज्युनियर सिस्टरला सिनियर डॉक्टरांना "थांबा" म्हणता आलं पाहिजे, आणि त्यावर कोणी डोळे वटारता कामा नयेत, खरं तर हेच सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं. आणि हा राउंड ड्युटीच्या तासांत धरा, त्यासाठी माणसं द्या, नाहीतर आधीच दमलेल्या लोकांवर अजून एक काम पडेल आणि महिनाभरात फक्त सह्या उरतील.

बाबा आता घरी आहेत, पाणी अजून घट्ट करूनच पितात. खाटेच्या उशाशी मोठ्या अक्षरात कागद लावलाय, जे कोणी येतं ते आधी तो वाचतं. असा कागद त्या वॉर्डात तेव्हाच लागायला हवा होता.

आपली,
एका पेशंटची मुलगी