चवीचा नव्हे, कराचा प्रश्न

ब्रिटनमधील ‘फिश अँड चिप्स’ची (तळलेला मासा आणि बटाट्याचे काप) दुकाने नव्या पिढीच्या बदललेल्या आवडीमुळे बंद पडत आहेत, हा रविवारच्या लेखातील निष्कर्ष पटला नाही. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, बंदराच्या गावात आमच्या कुटुंबाचे असे दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी रांग आजही धक्क्यापर्यंत जाते. मात्र त्या धक्क्यावर उतरतात ते मुख्यतः खेकडे आणि शेवंडी. आमच्या कढईतला कॉड मासा नॉर्वेहून गोठवून येतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रातील कॉडच्या मासेमारीचा कोटा २०२५ साली ३ लाख ४० हजार टनांवर आला, तोवरचा १९९१नंतरचा सर्वांत कमी. भाव भडकले. त्यात गरम तळलेल्या माशावर २० टक्के व्हॅट, सुपरमार्केटमधल्या गोठवलेल्या माशावर मात्र शून्य! करोनाकाळात हा कर ५ टक्क्यांवर आणला होता. घरच्या माणसांवर चालणाऱ्या दुकानांना तसाच दिलासा तातडीने मिळायला हवा.

– एक वाचक, नॉर्थ यॉर्कशायर (इंग्लंड)