‘नळी’ या एका शब्दापायी गंजलेली बॅरल : तक्रार व भरपाईची मागणी

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय : शिसे काढण्याच्या द्रावणासोबत दिलेल्या मराठी माहितीपत्रकातील चुकीमुळे .२२ रायफलीच्या बॅरलचे झालेले नुकसान

महोदय,

तुमच्याकडून जुलैमध्ये मागवलेल्या शिसे काढण्याच्या द्रावणाने माझ्या मुलीच्या रायफलीची बॅरल दोन तासांत खराब झाली. ज्या कामासाठी ते बनवले आहे, त्या कामाला ते चांगले असेलही. माझी तक्रार सोबत दिलेल्या मराठी कागदाबद्दल आहे. त्या कागदावर लिहिले होते तसे, एकही पायरी न गाळता, आम्ही केले आणि त्यामुळेच नुकसान झाले.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली २६ वर्षे लेथ आणि ग्राइंडिंगचे काम करतो. मुलगी ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून नेम धरायच्या प्रकारात, खेळते, परवाना तिच्या नावावर आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच प्रकारात जागतिक सुवर्ण जिंकले तेव्हा ती शाळेत होती. गेल्या वर्षी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य घेतले, त्या दिवशी आमच्या गल्लीत साखर वाटली. हे एवढ्यासाठी लिहिले की आमच्या घरात रायफल ही हौस म्हणून भिंतीला टांगलेली वस्तू नाही. एका वरिष्ठ खेळाडूकडून वापरलेली रायफल तीन वर्षांपूर्वी घेतली, तिचे पैसे आम्ही अजून फेडतो आहोत.

मागच्या हंगामात मुलीचे एखाद-दुसरे फायर (झाडलेली गोळी) कारण नसताना बाहेर जायला लागले. प्रशिक्षकांनी बॅरल पाहून सांगितले की चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, पुढे शिशाचा थर बसला आहे. .२२ ला, म्हणजे आमच्या छोट्या काडतुसाच्या रायफलीला, हे व्हायचेच. मोठ्या काडतुसांच्या गोळीवर तांब्याचे कवच असते. आमची गोळी उघडी शिशाची, २.६ ग्रॅमची, वरून नुसता मेणाचा किंवा ग्रीसचा हात. ती चेंबरमधून सुटून बॅरलच्या आट्यांत (आतल्या पिळदार खोबणींत) शिरते तेव्हा आपले थोडे शिसे तिथे सोडते. त्यावर जळक्या दारूची काजळी, त्यावर पुन्हा मेण, असे थर चढत जातात. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. एवढ्या जागेत खेळणाऱ्याला हा थर लगेच जाणवतो.

म्हणून तुमची २५० मिलीची बाटली आणि सोबतची छोटी कुपी असा संच १,४५० रुपयांना मागवला. खोक्यावर इंग्रजीत फक्त उत्पादनाचे नाव आणि ‘.२२ रिमफायरसाठी’ (म्हणजे आमच्याच काडतुसाच्या प्रकारासाठी) एवढेच होते. आत तुमच्या कंपनीचा शिक्का असलेले मराठी माहितीपत्रक होते. त्यातली वाक्ये जशीच्या तशी देतो : ‘कुपीतील द्रव बाटलीत मिसळावा. बंदुकीची नळी द्रावणात २ तास पूर्ण बुडवून ठेवावी. द्रावण पांढरे होणे म्हणजे शिसे निघत असल्याची खूण होय. वापरलेले द्रावण नाल्यात ओतून द्यावे.’ हातमोज्यांचा उल्लेख नाही, बाटलीत काय आहे याचा उल्लेख नाही, कोणत्या धातूला चालते आणि कोणत्या नाही याबद्दल अवाक्षर नाही.

अख्खी बॅरल बुडवण्याएवढे भांडे कोणाकडे असते? मी तुमच्या ग्राहक क्रमांकावर विचारले. उत्तर मिळाले : ‘पुढचं तोंड रबरी बुचानं बंद करा आणि आत भरा, तेच होतं.’ २७ जुलैच्या रविवारी मुलीने बोल्ट काढला, बुच लावले, रायफल तोंड खाली करून स्टँडला उभी केली आणि चेंबरच्या बाजूने द्रावण ओतले. लोणच्याच्या बरणीचे झाकण काढल्यावर येतो तसा आंबूस वास आला. त्या वासाला मी थांबायला हवे होते, पोलाद आणि आम्ल यांचे काय नाते असते ते मला रोजच्या कामातून माहीत आहे. पण समोर मराठीत स्पष्ट लिहिलेला कागद होता, आणि बंदुकीचे साहित्य विकणाऱ्यांना बंदुकीतले माझ्यापेक्षा जास्त कळत असणार असे मी धरून चाललो.

दोन तासांनी द्रावण काढले ते ताकासारखे पांढरे होते. कागदावर लिहिले होते तसेच, म्हणून आम्हाला बरेच वाटले. मग बुच काढले. बॅरलच्या तोंडाभोवतीचे निळे-काळे ब्लूइंग (पोलादावरचा गंजरोधक थर), जिथवर ओघळ गेला होता तिथवर, उडून गेले होते आणि खालचे पोलाद राखाडी पडले होते. मुलीने बॅरलमधून फेल्ट (सफाईचा लोकरी बोळा) ओढले, ते तांबूस निघाले. दुसरे ओढले, तेही तांबूस. सातव्या-आठव्या फेल्टला रंग जरा फिकट झाला. त्या आठवड्यात कोल्हापुरात पावसाची झड होती, भिंतींना हात लावला तरी ओल लागत होती. तेल लावूनही सोमवारी सकाळी क्राउनच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या, कडेला मोहरीच्या दाण्याएवढा गंजाचा ठिपका उभा होता. मुलगी नखाने तो खरवडत राहिली. काही बोलली नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंगची आतली छिद्रे तपासायला बोअरस्कोप आहे. तिथल्या मित्राला विनंती करून आम्ही बॅरल आतून पाहिली. शिसे निघाले होते, हे मी नाकारत नाही. पण चेंबरपासून पुढे बोटभर अंतरावर आट्यांच्या माथ्यांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते, आणि तोंडाकडच्या शेवटच्या इंचात तर माथा आणि खोबण यांची कड ओळखू येत नव्हती. द्रावण तिथेच तळाशी साचून राहिले होते. बॅरलमध्ये सगळ्यात नाजूक जागा म्हणाल तर ती हीच. गोळी सुटते त्या क्षणी तिच्यामागचा वायू चारी बाजूंनी सारखा निसटायला हवा. कड एका बाजूला खाल्लेली असेल तर तो तिकडून आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. आधी टेकू देऊन झाडलेल्या १० गोळ्यांचा ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) ५० मीटरवर १२ ते १३ मिलिमीटरमध्ये बसायचा. आता त्याच लॉटच्या काडतुसांनी २४ मिलिमीटरच्या खाली येत नाही. दोन्हींची टार्गेटे जपून ठेवली आहेत.

यानंतर मी तुमच्या विक्री प्रतिनिधीकडे मूळ इंग्रजी माहितीपत्रक मागितले. चार वेळा मागितल्यावर ते व्हॉट्सॲपवर आले, आणि सगळा उलगडा झाला.

हे द्रावण बॅरलसाठी नाहीच. ते .२२ च्या सप्रेसरसाठी आहे, आपल्याकडे ज्याला सायलेन्सर म्हणतात त्यासाठी. कागदावर चित्रही त्याचेच आहे : एक नळकांडे आणि शेजारी त्यातून काढून ओळीने मांडलेल्या धातूच्या वाट्या, म्हणजे बॅफल. ज्या देशांत ही वस्तू कायदेशीर मिळते तिथल्या नेमबाजांची अडचण खरी आहे. बॅरलमधून निघालेला वायू त्या वाट्यांत अडतो, थंड होतो आणि शिसे, काजळी, मेण सगळे तिथेच टाकून देतो. मोठ्या काडतुसांचा दाब बराचसा गाळ स्वतःच बाहेर फेकतो, .२२ मध्ये तेवढा जोर नसतो. थर चढत चढत सप्रेसरचे वजन वाढते, आणि वेळेवर साफ न केल्यास वाट्या नळकांड्यात अशा चिकटतात की बाहेर निघत नाहीत. म्हणून .२२ चे सप्रेसर मुद्दाम खोलता येतील असे बनवतात. दगडासारखा झालेला तो थर घासून निघत नाही, तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या वाट्या अशा द्रावणात बुडवतात. इथवर सगळे ठीक.

मूळ इंग्रजी कागदावर चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिले आहे की हे फक्त स्टेनलेस स्टीलच्या सुट्या वाट्यांसाठी आहे. ॲल्युमिनियम, ब्लूइंग केलेले पोलाद आणि बॅरल यांना लावू नये. त्यात ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. हातमोजे व चष्मा घालावा. वापरलेले द्रावण विषारी असून गटारात ओतू नये. तुमच्या मराठी कागदावर यातले एक अक्षरही आलेले नाही. ज्याने मराठी केले त्याने ‘सप्रेसरचे नळकांडे आणि बॅफल’ याला ‘बंदुकीची नळी’ लिहिले आणि चौकट पूर्ण गाळली. मराठीत बंदुकीची नळी म्हणजे बॅरल, हे शाळकरी पोरही सांगेल. मग आम्ही बॅरलशिवाय दुसरे काय समजणार होतो?

शिवाय एक साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही? आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच गोळी झाडतानाचा आवाज किंवा चमक कमी करणारी उपकरणे धरलेली आहेत. इथे रेंजवर खेळणाऱ्या कोणाकडे सप्रेसर नसतो. म्हणजे महाराष्ट्रात ज्या वस्तूवर हे द्रावण वापरता येईल ती खेळाडूंकडे नाही, आणि त्यांच्याकडे जी आहे त्या बॅरलला ते चालत नाही. हे माल मागवतानाच कोणीतरी विचारायला हवे होते.

आता उरलेल्या द्रावणाबद्दल, आणि ही बाब मला बॅरलपेक्षाही गंभीर वाटते. कागदानुसार मी ते मोरीत ओतायला निघालो होतो. माझी पत्नी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने हात धरला आणि म्हणाली, ‘शिसं गेलं कुठं मग? ह्यातच आहे की ते.’ तिचे बरोबर होते. पेरॉक्साइड आणि ॲसिटिक आम्ल मिळून घन शिशाचे लेड ॲसिटेट करतात. बॅरलला चिकटलेले शिसे निदान एका जागी होते. हे पाण्यात विरघळलेले, चवीला गोडसर विष आहे. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही, आणि आमच्या घरात भावाचा चार वर्षांचा मुलगा त्याच मोरीशी पाण्यात खेळतो. आमच्या गटाराचे पाणी जयंती नाल्याला आणि तिथून पंचगंगेला जाते. तुमचा हा कागद किती घरांत गेला आहे आणि किती जणांनी तो पांढरा द्रव ओतून दिला आहे, याचा हिशोब तुमच्याकडेच असेल.

या सगळ्यावर १ ऑगस्टला फोनवर मिळालेले उत्तर असे : ‘तुम्ही नंतर नीट पुसलं नसेल, पावसाळ्यात गंज येतोच.’ कोल्हापूरचा पावसाळा आम्हाला नवा नाही. तीन पावसाळे ही रायफल आम्ही सांभाळली. सराव झाला की सफाईचा रॉड चेंबरच्या बाजूने, गाइड लावून, तोंडाकडून कधीच नाही. रॉड एकसंध आणि वरून आवरण असलेला. दोन ओली फेल्टे, मग कोरी, मग तेलाचा पुसट हात आणि पुढच्या सरावाआधी तो पुसून काढायचा. पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवायची नाही, कारण फोम ओल धरून ठेवतो. हात साबणाने धुतल्याशिवाय मुलगी पाण्याच्या बाटलीलाही शिवत नाही. तीन वर्षांत गंजाचा एक डाग नव्हता, आणि दोन तासांत हे झाले.

माझ्या मागण्या अशा. संचाची किंमत परत द्यावी, ती फार मोठी बाब नाही. बॅरलची तपासणी, क्राउन पुन्हा कापून घेणे, आणि तेवढ्याने ग्रुप सुधारला नाही तर नवी बॅरल, याचा पूर्ण खर्च तुम्ही द्यावा. बॅरल ही बाजारातून पाइप आणावा तशी मिळत नाही. कायद्याने ती शस्त्राचाच भाग, तिला कागदपत्रे लागतात, बाहेरून मागवावी लागते आणि त्यात मुलीचा हा हंगाम जाणार आहे. त्या हंगामाचे मोल मी पैशात मागत नाही. पण ज्या ज्या ग्राहकाला हा संच पाठवला आहे त्या प्रत्येकाला मराठीत संदेश गेलाच पाहिजे की हे बॅरलला लावू नका आणि वापरले असल्यास गटारात ओतू नका. नवे माहितीपत्रक रायफल हाताळणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे, आणि इंग्रजीत जेवढ्या सूचना आहेत तेवढ्या सगळ्या मराठीत द्याव्यात. मराठी वाचणाऱ्याच्या हातांना शिसे कमी लागते असे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये, वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसणे हे उत्पादन दायित्वाचे कारण मानले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. दोन्ही माहितीपत्रके, पावती, बोअरस्कोपची छायाचित्रे आणि आधीच्या-नंतरच्या टार्गेटांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

वापरलेले द्रावण काचेच्या बरणीत घट्ट बंद करून, वर ‘विष’ लिहून, आम्ही माळ्यावर कुलपात ठेवले आहे. ते सुरक्षितपणे नेण्याची जबाबदारी तुमची आहे. तुमचा माणूस कोणत्या दिवशी येणार ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक व नेमबाज मुलीचा वडील
उद्यमनगर, कोल्हापूर