तास मोजण्याआधी तासात काय निघतं ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून प्रगत देशांतली माणसं कशी राबतात, याचे दाखले पुन्हा दिले जात आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सुचवलं, तेव्हाही उदाहरण महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचंच होतं. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हे उदाहरण त्यांच्या म्हणण्याला आधार देत नाही.

युद्धानंतर जर्मन कामगार खूप कष्टला, हे खरंच आहे. पण त्या काळातला तिथला आठवडा साधारण 48 तासांचा. पुढे यंत्रं सुधारली, माल जास्त निघू लागला, तसे तास उतरत गेले. ते आपोआप उतरले नाहीत. 35 तासांच्या आठवड्यासाठी धातू कामगारांनी 1984 मध्ये मोठा संप केला आणि 1995 मध्ये तो पदरात पाडून घेतला. आज जर्मनीत माणशी वर्षाला सरासरी 1,340 तासांच्या आसपास काम होतं, अमेरिकेत 1,800 च्या आसपास, तर मेक्सिकोत 2,200 च्या आसपास. तासांनीच श्रीमंती येत असती तर या तिघांत मेक्सिको पहिला असता. जर्मनीचा आकडा अर्धवेळ काम करणाऱ्यांमुळे, विशेषतः स्त्रियांमुळे, थोडा खाली दिसतो, हेही सांगायला हवं. तरी ताशी उत्पादनात तो देश अमेरिकेच्या फार मागे नाही. अमेरिकन माणसाचं वार्षिक उत्पन्न जास्त भरतं त्यात जादा तासांचा वाटा मोठा आहे, आणि भरपगारी रजा सक्तीची करणारा देशव्यापी कायदा तिथे नाही. जर्मनीत किमान चार आठवडे रजा कायद्यानेच मिळते. जपानने 2019 पासून ओव्हरटाइमवर कायद्याने मर्यादा घातली. दक्षिण कोरियाने 2018 मध्ये आठवड्याची कमाल मर्यादा 68 वरून 52 तासांवर आणली.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, शिकवत होतो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळई लांब चिमट्याने पकडून पुढच्या रोलमध्ये घालणारा माणूस मी हातभर अंतरावरून पाहिला आहे. एप्रिल-मेचं ऊन, समोर भट्टी, तोंडाला बांधलेला ओला रुमाल. एक सळई सुटली की दुसरी आलेलीच असते, नजर हलवायची सोय नाही. एवढे कष्ट जर्मन मिलमधला कामगार करत नाही, कारण तिथे सळई रोलर टेबलवरून आपसूक पुढे सरकते आणि तो केबिनमधून लक्ष ठेवतो. त्याच्या एका तासाला जास्त टन माल पडतो म्हणून त्याचा पगारही जास्त परवडतो. आपल्या माणसाला त्या रोलसमोर बारा तास उभं केलं तर टन किती वाढतील माहीत नाही, हात-पाय भाजण्याची भीती मात्र नक्की वाढेल.

दुसरा फरक शिकवण्याचा. जर्मनीतला शिकाऊ कामगार तीन-साडेतीन वर्षं कंपनीत काम करत, आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळेत जाऊन, विद्यावेतन घेत शिकतो. आमची पोरं आयटीआय पास होऊन वाळूज, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत जातात आणि ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतात. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी. अशा पोराला सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं) सेटिंग कोण आणि कशाला शिकवणार? यंत्रावर केलेले जॉब (सुटे भाग) रिजेक्ट होतात, मटेरियलची वाट पाहण्यात, लाइट गेल्यावर बसून राहण्यात शिफ्ट जाते. हे वाया जाणारे तास वाचवले तर दहावा-अकरावा तास शोधावा लागणार नाही.

पगाराची तुलनाही जपून करावी. जर्मनीत 2025 मध्ये किमान वेतन ताशी 12.82 युरो होतं. त्याचे थेट रुपये करून हुरळून जाण्यात अर्थ नाही, तिथलं घरभाडंही युरोतच द्यावं लागतं.

जादा तासांसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार म्हणतं. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेला, गेवराई किंवा परतूरहून येऊन खोली करून राहिलेला पोरगा त्या कागदावर सही करायला नाही म्हणू शकेल का? आणि लक्षात ठेवावं, 48 तासांचा आठवडा बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, 1946 च्या दुरुस्तीने आपल्याला मिळाला आहे.

एक विनंती आहे. आपल्या वार्ताहराने वाळूज, शेंद्रा आणि जालना एमआयडीसीत फिरून ठेकेदारी कामगाराच्या हातात महिन्याला किती पडतात, ओव्हरटाइमचा दुप्पट दर किती जणांना मिळतो आणि किती कंपन्या शिकाऊ उमेदवारांना पुढे कायम करतात, हे आपल्या पेपरात छापावं.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, जालना